वर्गातल्या सवलतींसाठी दहावीपर्यंत का थांबायचं? (कोल्हापूर परिसरातल्या पालकांशी बोलायचंय)

राजारामपुरी_आई

माझा मुलगा पाचवीत आहे. मराठी माध्यम, राज्य मंडळाची अनुदानित शाळा. गेल्या वर्षी मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेतली. डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचनाची आणि लेखनाची अध्ययन अक्षमता, असं निदान झालं. बुद्धी उत्तम आहे हेही त्याच अहवालात आहे आणि ते आम्हाला घरी रोज दिसतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात, त्यानंतर पंचगंगेचं पाणी कसं वाढतं, हे तो आजोबांना नीट समजावून सांगतो. तोच प्रश्न परिसर अभ्यासाच्या पेपरात आला की दोन ओळी, त्याही अर्ध्या. शेवटचे प्रश्न कोरे, कारण तिथवर पोहोचायच्या आत घंटा होते.

शाळेचं म्हणणं एकच. "सवलती दहावीला असतात, तेव्हा बघू. आता घरी सराव वाढवा." वर्गशिक्षिका प्रेमळ आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर पुन्हा तोच वर्ग. मग दहावीपर्यंत थांबायचं कशाच्या भरवशावर? परीक्षा बाजूला ठेवली तरी रोज वर्गात "हुशार आहे पण आळशी" ऐकत वाढलेल्या मुलाला दहावीत अचानक लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा, देऊन काय साधणार?

ज्यांनी खालच्या वर्गात काही मिळवलंय त्यांनी कृपया सांगा. नेमकं काय मागितलं, कुणाकडे, कोणत्या शब्दांत? सहानुभूतीपेक्षा मला आत्ता हे हवंय.

करवीरच्या_बाई

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते.

बहुतेक पालक मुख्याध्यापकांना भेटून "माझ्या मुलाकडे जरा लक्ष द्या" एवढंच म्हणतात. त्यावर आम्ही "हो देतो" म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात "लक्ष देणं" म्हणजे काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही मागणी बारीक करून आणा. प्रश्नपत्रिका सुरुवातीला एकदा वाचून दाखवा. फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या ऐवजी शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो घेऊ द्या. विज्ञान आणि परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला सांगू नका, बाकावर जवळ बसून वाचून घ्या. यातल्या एकाही गोष्टीला वरून आदेश लागत नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, प्रकटवाचन, प्रात्यक्षिक ही साधनं आम्हाला दिलेलीच आहेत, ती या मुलांसाठी मोकळ्या हाताने वापरायची एवढंच.

दुसरं, वह्या घेऊन जा. एक पान त्याने स्वतः लिहिलेलं आणि त्याच प्रश्नाचं उत्तर त्याने तोंडी सांगितलेलं, तुम्ही जसंच्या तसं उतरवलेलं. दोन्ही शेजारी ठेवा. माझ्या वर्गात एक मुलगी "किती" लिहिताना कायम आधी क आणि मग वेलांटी जागा मिळेल तिथे काढायची. कारण पहिली वेलांटी ऐकू येते अक्षराच्या नंतर आणि लिहावी लागते अक्षराच्या आधी. रफार तर दोन अक्षरं सोडून कुठेही. ते हट्टाने किंवा दुर्लक्षाने होत नव्हतं, हे मला दोन पानं शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसलं. अहवालातले आकडे दाखवून जे पटत नाही ते वही दाखवून पटतं.

आणि विनंती आहे, पहिल्या वाक्यात कायदा काढू नका.

कळंबा_रोड

बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडा वेगळा अनुभव मांडतो.

माझी मुलगी स्वमग्न (ऑटिझम) आहे, सातवीत, केंद्रीय मंडळाच्या खासगी शाळेत. आम्ही दीर्घकाळ फक्त गोड बोलत होतो. प्रत्येक पालकसभेत माना डोलावल्या जायच्या आणि जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की पाटी कोरी. शिवजयंतीला मैदानात हलगी वाजायला लागली की ती कान दाबून खाली बसायची आणि तिला "कार्यक्रमाचा अवमान" म्हणून ओरडा बसायचा. एका वर्षी तर सुचवलं गेलं की तुमच्या खर्चाने एक मदतनीस बाई ठेवा, नाहीतर दुसरी शाळा बघा.

त्यानंतर आम्ही लेखी अर्ज दिला. दोन प्रती, एकीवर शाळेची पोच, तारीख, आवक क्रमांक. त्यात मागितलं एवढंच: मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाआधी तिला सांगावं आणि त्या वेळेत ग्रंथालयात बसू द्यावं, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवावं, आणि गटकामात दोन ठरलेल्या मैत्रिणींसोबत ठेवावं. लेखी उत्तर द्यावं लागणार म्हटल्यावर प्रथमच समुपदेशक, वर्गशिक्षक आणि पर्यवेक्षक एकत्र बसले. तिन्ही गोष्टी मिळाल्या. मदतनीस बाईंचा विषय परत निघाला नाही.

गोड बोलावंच. पण बोलणं झालं की त्याच दिवशी "आज आपलं असं ठरलं" असा कागद जायला हवा. माणसं बदलतात, फाइल राहते.

करवीरच्या_बाई

हे मान्य. कागद हवाच, माझा मुद्दा फक्त सुरुवातीच्या सुराबद्दल होता.

कागलकर

नमस्कार. आमची पोरगी तिसरीला, गावातल्या शाळेत. दोन्ही कानानं कमी ऐकू येतं, मशीन आहे. शहरातली मंडळी अर्ज, समुपदेशक म्हणत्यात, आमच्या शाळेत तर दोनच मास्तर. पण सांगतो, आमचं काम झालं ते गट साधन केंद्रामुळं, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र. तिथं समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदीत, पोरीची नोंद विशेष गरजा असलेलं मूल म्हणून केली, मग ते शिक्षक शाळेत यायला लागले. त्यांनी मास्तरांना एकच गोष्ट दाखवली. फळ्याकडं तोंड करून बोलू नका, ती तुमचे ओठ बघून निम्मं समजून घेत्या. आणि तिला खिडकीकडं पाठ करून बसवा, म्हणजे मास्तरांच्या तोंडावर उजेड पडतोय. बाकी काही खर्च नाही. आता श्रुतलेखनाच्या वेळी मास्तर तिच्या बाकापाशी उभं राहून सांगत्यात.

विशेष शिक्षक रोज येत नाहीत, त्यांच्याकडं लई शाळा आहेत. तेवढी एक अडचण आहेच. पण नोंद नसली तर तेही येत नाहीत, म्हणून आधी नोंद झाल्या का बघा.

अजून एक बोलतो. शाहू महाराज आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. १९१७ ला त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी आईबापाला ओढून शाळेच्या दारात आणायला लागत होतं. आज आईबाप आपणहून दारात उभं आहेत, पोराला शिकवा म्हणत्यात. त्यांना "दहावीला बघू" म्हणून माघारी धाडायचं, हे या गावात तरी व्हायला नको.

पूर्वीची_विद्यार्थिनी

मी सध्या शिवाजी विद्यापीठात शिकते. मला डिसग्राफिया आहे. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ घेतला होता, म्हणून "दहावीला बघू" याचं काय होतं ते मला माहीत आहे.

लेखनिकाला सांगणं ही वेगळी कला आहे. तुम्हाला वाटतं तोंडी येतंय म्हणजे झालं. पण लेखनिक राज्य मंडळाच्या नियमाप्रमाणे तुमच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असतो. त्याला "प्रकाशसंश्लेषण" ऐकून लिहिता यायला हवं. त्याच्या लिहिण्याच्या वेगाने बोलावं लागतं, परिच्छेद कुठे मोडायचा ते सांगावं लागतं, आकृतीत नाव कुठल्या रेषेवर हवं ते सांगावं लागतं. गणितात तर "वर्गमुळात सगळं घ्यायचं की फक्त पहिलं पद" इथपर्यंत. मी आठवीपासून चाचण्यांना लेखनिकासोबत बसले, कारण आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका ठाम होत्या. माझ्यासोबत केंद्रावर असलेल्या एका मुलाला लेखनिक थेट बोर्डाच्या पेपरलाच मिळाला. त्याला जादा वेळ पूर्ण मिळाला, पण तो पहिल्या पेपरात जवळजवळ गप्प बसून होता.

ताई, तुमच्या मुलाला आत्ता लेखनिक हवाच असं नाही. त्याचं स्वतःचं लिहिणंही सुरू राहायला हवं. पण एका विषयात, एका चाचणीत सांगून लिहून घेण्याची सवय सहावी-सातवीपासून लावा.

मंगळवार_पेठ_आजी

मी नातवासाठी वाचत असते. मनातलं विचारते, राग मानू नका. एकदा कागदावर दिव्यांग म्हणून आलं की ते पोराच्या नावापुढे जन्मभर राहणार. शाळेत पोरं चिडवणार, पुढे नोकरीला, लग्नाला लोक विचारणार. अभ्यास घेऊन, माया करून सुधारेल की. सुनेचं आणि माझं यावरून पटत नाही.

पूर्वीची_विद्यार्थिनी

आजी, तुमची काळजी खरी आहे, माझी आजी अगदी हेच म्हणायची. पण शिक्का आधीच बसलेला होता. वर्गात माझं नाव "कोंबडीचे पाय" होतं, अक्षरावरून. तो शिक्का कुठल्या कागदाशिवाय बसला. कागद आल्यावर निदान मला कळलं की मी ढ नाही. आणि प्रमाणपत्र कुठे दाखवायचं, कुठे नाही, हे आपल्या हातात असतं. माझ्या दहावीच्या टक्क्यांबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही की ते कुणाच्या हाताने लिहिले. माया हवीच. त्या मायेनेच मी शाळेत टिकले. पण मायेने तीन तासांच्या पेपरात माझा हात वेगाने चालला नसता.

मंगळवार_पेठ_आजी

बरं. सुनेला हे वाचायला देते.

ताराबाई_पार्क_वकील

कायद्याचं थोडं स्पष्ट करते, कारण "४० टक्के दिव्यांगत्व हवं" या शब्दांवरून पालकांना वारंवार परत पाठवलं जातं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ (लागू १९ एप्रिल २०१७) यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही त्यात येतात. कलम १६ प्रमाणे सरकारने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी समावेशक शिक्षण द्यायचं, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय करायचे. "मान्यता दिलेल्या" हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे विनाअनुदानित शाळेलाही "आम्ही खासगी आहोत" म्हणता येत नाही. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या दोन्ही कलमांत इयत्ता दहावी असं कुठेही लिहिलेलं नाही.

४० टक्के ही अट लक्षणीय दिव्यांगत्वासाठी आहे. म्हणजे आरक्षण, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क वगैरे. वाजवी सोयी कलम १६ खाली येतात आणि तिथे टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं, तरी लेखनिकाचा हक्क मान्य झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश खटल्यात डिसग्राफिया असलेल्या मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत जादा तास नाकारला गेला होता, ते न्यायालयाने चुकीचं ठरवलं.

आता कागदपत्रं. शाळेतल्या चाचण्यांसाठी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल पुरेसा असायला हवा, कारण त्या मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत आहेत. बोर्डासाठी मात्र सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे चौकशीची पहिली जागा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय. अर्ज केंद्राच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवरून होतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. हे लक्षात ठेवा, कारण १४ म्हणजे बरोबर आठवी-नववी. जुनं प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहिलेले पालक दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावतात. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे येतात.

शाळेने लेखी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर पाचवीसाठी प्राथमिक शिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचं प्रशासन, त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. कायद्यात दंडाची तरतूदही आहे, पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत. पण मी स्वतः पालकांना तिथवर न जाण्याचाच सल्ला देते, कारण मूल त्याच शाळेत रोज सकाळी जाणार असतं. आयुक्तांचा उल्लेख असलेलं सभ्य पत्र बहुतेक वेळा काम करतं.

उचगाव_बाबा

एक प्रामाणिक प्रश्न. माझ्या मुलाला कसलीही अडचण नाही, पण तोही पेपर पूर्ण करू शकत नाही. मग एकाला तासाला वीस मिनिटं जादा आणि दुसऱ्याला नाही, हे बरोबर कसं?

करवीरच्या_बाई

तुमच्या मुलाला पेपर पुरत नाही तर आधी त्याची वही बघा, त्यालाही मदत लागत असेल. जादा वेळाने उत्तर येत नाही हो. ज्याला येत नाही तो मुलगा तासभर जास्त बसला तरी पान कोरंच राहतं, मी हे पर्यवेक्षण करताना पाहिलंय. ज्याला येतं पण हाताला किंवा डोळ्याला अक्षर पकडायला दुप्पट वेळ लागतो, त्याचंच त्यातून काहीतरी कागदावर येतं. आपण भूगोल तपासतोय की लिहिण्याचा वेग, हे शिक्षकांनी ठरवायला हवं.

राजारामपुरी_आई

सगळ्यांचे आभार. काल शाळेत भेट झाली. दोन वह्या शेजारी ठेवण्याची बाईंची युक्ती खरंच कामी आली. मुख्याध्यापकांनी दोन्ही पानं वाचली आणि वर्गशिक्षिकांना बोलावून घेतलं. कायद्याबद्दल मी शेवटी, पत्रातच लिहिलं. पत्राचा मुख्य भाग इथे देते, कुणाला वापरायचा असेल तर.

"माझा पाल्य इयत्ता ५ वी मध्ये शिकत असून त्यास वाचन व लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचा अहवाल सोबत जोडला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार त्यास पुढील सोयी चालू शैक्षणिक वर्षापासून, घटक चाचण्या व वार्षिक परीक्षेसह, मिळाव्यात ही विनंती. प्रश्नपत्रिका एकदा वाचून दाखवणे, प्रति तास २० मिनिटे जादा वेळ, भाषेखेरीज इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण न कापणे, फळ्यावरील मजकुराची छायाप्रत किंवा फोटो घेऊ देणे, आणि वर्गासमोर प्रकटवाचनाची सक्ती न करणे. या संदर्भात शाळेचा निर्णय लेखी कळवावा व प्रथम सत्र परीक्षेनंतर आपल्या सोयीने आढावा बैठक ठेवावी."

पोच मिळाली. प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, फोटो आणि शुद्धलेखन या तीन गोष्टी तिथेच मान्य झाल्या. प्रकटवाचनाबद्दल वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मी त्याला आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवते, त्याला वाटलं तर वाचेल." हे माझ्या मागणीपेक्षा चांगलं आहे. जादा वेळेचं मात्र अडलंय. पर्यवेक्षणाला माणूस नाही म्हणतात. आणि हिंदीचं काय करायचं हे त्यांनाही माहीत नाही, मलाही. तीन भाषांत तीन प्रकारचं शुद्धलेखन, त्यात मराठी-हिंदीचं ऱ्हस्व-दीर्घ वेगळं.

ताराबाई_पार्क_वकील

पर्यवेक्षकाची अडचण खरी असेल, पण ती शाळेने सोडवायची आहे. जादा वेळ ऑफिसशेजारच्या खोलीत किंवा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये देता येतो, तसं सुचवा. हिंदीची सूट आत्ताच मागू नका, असं माझं मत. आधी हिंदीची तोंडी चाचणी मागा. भाषा किंवा गणित बदलण्याचे पर्याय बोर्डाच्या पातळीवर घेताना पुढचा रस्ता बघावा लागतो. गणित सोडलं तर विज्ञान शाखा किंवा डिप्लोमाचं दार बंद होऊ शकतं. तो निर्णय आठवी-नववीत, मुलाला शेजारी बसवून घ्या.

कळंबा_रोड

वेळेसाठी मी एक केलं होतं. शाळेला विचारलं की वेळ वाढवता येत नसेल तर प्रश्न कमी कराल का? म्हणजे पाचपैकी चार सोडवायचे, गुण त्या प्रमाणात. घटक चाचणीला त्यांनी हे लगेच मान्य केलं, कारण त्याला जादा माणूस लागत नाही. वार्षिकसाठी मात्र वेळच मागा.

राजारामपुरी_आई

हे सुचलंच नव्हतं. उद्या वर्गशिक्षिकांना विचारते, केबिनचंही सांगते.

कागलकर

ताई, शहरात पण साधन केंद्राचे विशेष शिक्षक असत्यात. शाळेला म्हणा, त्यांना एकदा वर्गात बोलवा. वेळेचं ते समजावून सांगतील.

करवीरच्या_बाई

आणि या पत्राची एक प्रत जपून ठेवा, पुढच्या जूनसाठी. सहावीला वर्गशिक्षक बदलतील, विषयाला वेगवेगळे शिक्षक येतील. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच इयत्ता आणि तारीख बदलून तेच पत्र पुन्हा द्या, सोबत यंदा काय मान्य झालं होतं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं ते अर्ध्या पानात. इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांना स्वतंत्र प्रत द्या, ऑफिसमधली फाइल वर्गापर्यंत आपोआप येत नाही.